जेवायचा हात

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नांदेडच्या वॉर्डात मला एका जुन्या सिस्टरनं शिकवलं होतं: सलाईन डाव्या हाताला लावायचं, जेवायचा हात मोकळा ठेवायचा. तिनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कारण उघडच होतं. सोळा वर्षं मी ते पाळलं. आधी डावा हात घ्यायचा, टिचक्या मारून, चोळून, खाली लोंबता ठेवून शीर वर येईपर्यंत त्याची मनधरणी करायची आणि अगदीच नाइलाज झाला तर उजव्याकडे वळायचं. नातेवाईक एकमेकांना म्हणायचे, "बाईला समजतंय बरं का." ते ऐकायला मला फार आवडायचं.

सोळा वर्षांनी मी लातूरला डिग्री करायला गेले. डिप्लोमा झालेल्या नर्सला नोकरीतून रजा घेऊन दोन वर्षांत पदवी करता येते, ती ही. मी गेले ते प्रमोशनसाठी, उगाच ज्ञानाच्या ओढीनं गेले म्हणून सांगणार नाही. उमरीला माहेरी कळलं तेव्हा भावानं विचारलं, "आता या वयात दप्तर घेऊन?" दप्तर नव्हतं, पण वही होती, हजेरी होती आणि शिकवायला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मॅडम होत्या. त्या मला अहो-जाहो करायच्या आणि मी त्यांना मॅडम म्हणायचे. दोघींनाही ते सुरुवातीला जड गेलं.

आमच्या वेळी डिप्लोमा म्हणजे हात चालवायला शिकणं. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये काय कुठं ठेवायचं, इंजेक्शन किती कोनात द्यायचं. हात बसला की शिक्षण झालं. 'का' हा प्रश्न डॉक्टरांच्या वाट्याचा. लातूरला मात्र पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले आणि म्हणाल्या, "ही नर्सिंगची थिअरी." मागच्या बाकांवर आम्ही सगळी जुनी मंडळी बसलो होतो. आम्हाला हसू आवरेना.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर राउंड घेऊन गेले. आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वॉर्डात जे काम चालतं, ते कुणाचं?" आमचं, आम्ही म्हणालो. "मग ते बरोबर चाललंय की चूक, हे कशावरून ठरवता?" कुणी म्हणालं अनुभवावरून, कुणी म्हणालं ऑर्डरवरून. मॅडम म्हणाल्या की आपल्या आधीच्या काही नर्सना हाच प्रश्न पडला होता. नर्स म्हणजे डॉक्टरचा नुसता हात, असं सगळे धरून चालले होते तेव्हा त्यांनी विचारलं की या हाताला स्वतःचं काही डोकं आहे का. त्यांनी उत्तरं शोधली, लिहून काढली, एकमेकींशी वाद घातले, त्यातून कॉलेजं उभी राहिली, डिग्र्या आल्या. ते चौकोन म्हणजे ती उत्तरं.

उत्तरांचं मला फार काही वाटलं नाही. प्रश्न मात्र डोक्यात बसला. हॉस्टेलला परतताना, मेसच्या रांगेत, आंघोळीला पाणी तापेपर्यंत मी मनात आमच्या वॉर्डातलं एकेक काम काढून बघायला लागले. हे आपण का करतो? बऱ्याच कामांना मला उत्तर येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी केस स्टडी होती. एक पेशंट निवडायचा, दोन आठवडे त्याची शुश्रूषा एका थिअरीच्या आधारानं करायची आणि शेवटी सगळ्या वर्गापुढं मांडायची. माझ्या वाट्याला जी थिअरी आली तिचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस रोज स्वतःची काळजी स्वतः घेत असतो. आजारपणात त्यातलं काही त्याला जमेनासं होतं. नर्सनं तेवढंच करायचं, आणि जमेल तसं ते काम परत त्याच्या हाती द्यायचं. वाचून मी वही मिटली. आपल्याकडं हे कसं चालायचं? आपल्याकडं पेशंटला पाण्याचा पेला उचलू दिला तरी चार माणसं विचारतात, "तुम्ही कशाला बसलाय मग इथं?"

पेशंट मी निवडली ती उदगीरकडची एक म्हातारी. घरचे तिला अव्वा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. किराणा दुकानदाराच्या घरातली, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे लकवा. बोलणं थोडं जड, पाय ओढत का होईना टाकता येत होता, डावा हात मात्र मांडीवर ठेवला तिथंच पडून राहायचा. सोबत सून होती, चाळिशीची, दिवसभर पदर खोचलेली.

पहिल्या दिवशी सलाईन लावायचं होतं. मी अर्थातच डावा हात घेतला. "उजवा चांगला आहे, तो जेवायला मोकळा राहू द्या," मी सुनेला म्हणाले. सून म्हणाली, "लई चांगलं केलं ताई." शीर पहिल्या फटक्यात मिळाली. पलीकडं उभ्या असलेल्या शिकाऊ नर्स पोरी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हात पुरीसारखा टम्म फुगलेला होता. सुई शिरेतून निसटली होती आणि सलाईन कातडीखाली झिरपत राहिलं होतं. चांगल्या हाताला असं झालं असतं तर माणूस ओरडला असता. या हाताला कळलंच नव्हतं.

मॅडमनी सुई काढायला लावली, हात उशीवर उंच ठेवला, पट्टी बांधायला सांगितली आणि मला बाजूला घेतलं. "वारं कोणत्या बाजूचं?"

"डाव्या."

"लुळ्या हाताला सुई लावायची नाही, हे पुस्तकात आहे. वाचलं नव्हतं?"

वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. पण हातानं सोळा वर्षं जे केलं होतं तेच केलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हणाले, "मॅडम, जेवायचा हात मोकळा ठेवायचा, हे आम्हाला आमच्या जुन्या सिस्टरनं शिकवलंय. त्या तुमच्या आधीपासून वॉर्डात होत्या."

"त्यांना कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळे मला आणखी राग आला, कारण मला माहीत नव्हतं.

सूज उतरायला तीन दिवस लागले. रोज पट्टी बदलताना अव्वा त्या हाताकडं टक लावून बघायची. मी म्हणायचे, "उतरंल अव्वा, काळजी करू नका, उजवा तर चांगला आहे ना." ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, माझ्यावर चिडली आहे. मी त्या वेळी तिच्या जागी असते तर चिडलेच असते.

केस स्टडीचा तक्ता मात्र मी झकास भरत होते. पहिल्या रकान्यात पेशंटचे स्वतःचे शब्द, मग आपलं निरीक्षण, मग अडचण, मग उपाय. अव्वाची अडचण मला सापडली होती: सकाळी खात नाही. वॉर्डातला उपमा परत, दूध परत, सुनेनं आणलेलं धपाटं परत. दुपारी बाराच्या पुढं कसेबसे चार घास. सून म्हणाली, "त्यांना सकाळी भूकच नसती." मी ते पहिल्या रकान्यात लिहिलं आणि पुढं भूक वाढवण्याचे सहा उपाय लिहिले. मॅडमनी तक्ता वाचला आणि बोट पहिल्या रकान्यावर ठेवलं.

"हे कोण म्हणालं?"

"सून."

"रकान्यावर काय लिहिलंय?"

मी वही घेतली आणि तरातरा बाहेर गेले. आपल्याकडं पेशंटला विचारलं की उत्तर नातेवाईक देतात. तोंड पेशंटकडं, कान नवऱ्याकडं नाहीतर सुनेकडं, असंच आम्ही वर्षानुवर्षं लिहून घेतलेलं आहे. यात चूक काय ते मला दिसेना.

त्या संध्याकाळी मी नांदेडला जुन्या सिस्टरना फोन लावला. त्या आता रिटायर झाल्या आहेत, गुडघे धरून घरी असतात. तब्येतीची विचारपूस झाल्यावर मी विचारलं, "सिस्टर, सलाईन डाव्या हाताला, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

"कुणी न्हाई ग. एक म्हातारा होता, इस्लापूरकडचा, संगं कुणी न्हाई. ताट समोर ठेवलं की तसंच परत जायाचं. सगळे म्हणायचे त्याची जगायची आशाच सुटली. मी एकदा बाजूला बसून विचारलं, बाबा, का जेवंना? तर म्हणाला, उजव्या हाताला तुम्ही सुई घातलीय, डाव्या हातानं कसं जेवू? मी सुई बदलली. मग भसाभसा जेवला बघ. तवापासून डावा."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्या रात्री मला फार विचित्र वाटलं. सिस्टरनी एकदा, एका माणसाला विचारलं होतं. आम्ही त्यांचं उत्तर उचललं होतं आणि विचारणं तिथंच ठेवून आलो होतो. थिअरीचं नावही न ऐकलेल्या त्या बाईनं जे केलं, तेच तर त्या पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून गोळ्या आणायला खाली गेली तशी मी स्टूल ओढून अव्वाजवळ बसले. "अव्वा, सकाळी का जेवत नाही?"

ती दाराकडं बघत राहिली, जणू सून येईल आणि सांगेल. मी थांबले. मला थांबायची सवय नाही, पण थांबले. बऱ्याच वेळानं तिनं उजव्या हातानं झंपरच्या गळ्यातून दोऱ्यात अडकवलेली चांदीची डबी बाहेर काढली. त्यात तिचं इष्टलिंग होतं, लिंगायतांत लहानपणीच गळ्यात घालतात ते.

"हे कुठं घेऊ?" ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं उजव्या हाताच्या बोटानं आपल्या डाव्या तळहातावर टोचलं. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं, डोळ्यासमोर धरायचं असतं. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल. ते झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. पाच-सहा वर्षांची होती तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता, बाळंतपणात सुद्धा नाही. इथं आल्यापासून ती नुसती डबी डोळ्याला लावत होती, दुपारपर्यंत मनाशी भांडत होती आणि मग सुनेच्या जिवाला घोर नको म्हणून चार घास गिळत होती.

"सुनेच्या हातावर ठेवलं तर?"

"तिचं तिच्या हातावर. माझं माझ्या." मग ती थेट माझ्याकडं बघत म्हणाली, "जो येतो तो म्हणतो, उजवा चांगला हाय, उजवा चांगला हाय. सगळे तेच म्हणून राहिले. मला डावा पायजे."

आणि तोच मी फुगवून ठेवला होता. मी तिथं स्टुलावर बसून रडले, सोळा वर्षांची नोकरी झालेली बाई. अव्वानं उजव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थापटलं, मला आणखी कसंतरी झालं.

सुट्टी व्हायला नऊ दिवस होते. व्यायाम शिकवणारे डॉक्टर रोज येऊन खांदा आणि पाय करून घेत. तळहाताचं काम मी घेतलं. आधी बँडेजचा रोल, मग सुनेच्या पिशवीतला कांदा, मग लिंबू, कारण लिंबू आकारानं जवळचं. तळहात उताणा करायचा, लिंबू ठेवायचं, आकडे मोजायचे. लिंबू पहिल्या आकड्यालाच घरंगळायचं आणि शेजारच्या खाटेखाली जायचं. शेजारची पेशंट ते काठीनं परत ढकलायची. तिसऱ्या दिवसापासून अख्खा वॉर्ड आकडे मोजायला लागला.

सुनेला हे आवडलं नव्हतं. "आम्ही असताना त्यांना कशाला तरास? लोक म्हणतील, सून बसून राहिली अन् सासूला कामाला लावलं." तिची खरी भीती वेगळी होती, ती तिनं मला जिन्यात सांगितली. लिंबू पडलं तर उचलता येतं. लिंग खाली पडलं तर? त्यांच्यात त्याहून वाईट काही नसतं. "त्या मग जेवणारच न्हाईत, ताई. मला ठाव हाय त्यांचा सभाव."

मी घाबरले आणि घाबरल्यावर मी जे करते ते केलं: मदत. अव्वाच्या हाताखाली माझा हात अलगद लावून ठेवला. लिंबू सहा आकड्यांपर्यंत टिकलं. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. अव्वा म्हणाली, "तू धरलंस. म्या न्हाई." तिच्या हाताला माझा हात कळला होता. या गोष्टीचा आनंद मानावा की शरमावं, हे मला ठरवता येईना. मी हात काढला आणि लिंबू खाटेखाली गेलं.

मॅडम रोज येऊन लांब उभ्या राहत. एकदा मी त्यांना विचारलं, "पडू देऊ?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुम्ही त्यांना विचारा." आधी वाटलं, या मला टाळताहेत. मग लक्षात आलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि ते तसं म्हणायला त्यांना लाज वाटत नव्हती. मी अव्वाला विचारलं. ती म्हणाली, "जायाच्या दिवशी हितंच लिंग हातावर घेते. घरी गेल्यावर समदे धरायला येतील."

केस स्टडीला किती मार्क पडले ते आज आठवत नाही. ती सुट्टीची सकाळ मात्र आठवते.

सुनेनं अव्वाला आंघोळ घातली, धुतलेलं पातळ नेसवलं. अव्वानं स्वतः विभूती लावली, तीन पट्टे, जरा वाकडे. खाटेवर मांडी जमत नव्हती म्हणून पाय खाली सोडून बसली. मांडीवर उशी, उशीवर घडी केलेलं पांढरं फडकं, त्यावर डावा हात. ती घडी माझी. तेवढं तिनं करू दिलं. तांब्या, बेल, सगळं उजवीकडं. शेजारच्या बाईनं आपला मोबाईल बंद केला.

अव्वानं डबी उघडली, लिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं. काळंभोर, लिंबाहून लहान. हात थरथरायला लागला. सुनेनं आपोआप ओंजळ खाली धरली.

"काढ," अव्वा म्हणाली.

सून मागं सरकली. मीही माझे हात मागं घेतले आणि पाठीमागं एकमेकांत अडकवले, कारण माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. तिनं पाण्याचे थेंब सोडले. विभूती वाहिली. बेलाचं पान उचललं आणि तेवढ्यात तळहात कलंडला. लिंग बोटांकडं सरकलं. सुनेच्या तोंडून बारीक आवाज निघाला. माझे खांदे पुढं झाले. बेल अव्वाच्या हातातून गळून पडला आणि तिचा उजवा हात, तो सगळे चांगला चांगला म्हणत होते तो, खालून येऊन डाव्याला टेकला. तळहात सरळ झाला. पूजेला आता हात उरला नव्हता. ती नुसती बघत बसली, ओठ हलत होते. किती वेळ ते मी मोजलं नाही. वॉर्डात कुणीच मोजलं नाही.

मग तिनं लिंग कपाळाला लावलं, डबीत ठेवलं, डबी गळ्यात सोडली. पडलेला बेल उचलून उशाशी ठेवला.

"तुझे हात कुठं गेले?" तिनं मला विचारलं.

मी हात पुढं केले. दोन्ही हातांच्या पाठीवर माझ्याच नखांच्या खुणा उमटल्या होत्या, लाल, एका ठिकाणी थोडं सोललं होतं. अव्वानं माझा हात उजव्या हातात घेऊन नीट बघितला, मी तिचा बघायचे तसा.

"तुला बी लई जड गेलं की ग," ती म्हणाली.

सकाळचे साडेआठ वाजले होते. सून डबा उघडत होती, धपाटं आणि दही.

"हिला बी वाढ," अव्वा सुनेला म्हणाली. "सकाळधरनं हिनं बी काही खाल्लं न्हाई."